जीर्णोद्धाराचा विवेक

जुनी वस्तू निगा राखून वापरावी, तिचा एखादा भाग बदलावा, की ती टाकून नवी आणावी, हा प्रश्न घरोघरच्या संगणकामुळे आज पुन्हा आपल्या दारी उभा राहिला आहे. तो वरकरणी पैशाचा दिसतो. वस्तुतः तो विवेकाचा आहे. हाव स्वतःला गरज म्हणविते आणि कृपणता स्वतःला काटकसर म्हणविते. त्यांतून खरे ओळखावयाचे कसे?

या बाबतीत उज्जयिनीकडे पाहावे असे आम्हांस वाटते. महाकालाच्या शिवलिंगाची झीज होऊ लागली, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ साली अभिषेकाच्या जलाचे प्रमाण ठरले. २०२० साली भाविकांनी लिंग घासू नये असा निर्णय झाला. ही झाली निगा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा जीर्ण झाली, तेव्हा १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिची दुरुस्ती करण्यात आली. आणि तेराव्या शतकात अल्तमशाने उद्ध्वस्त केलेले महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर या सारस्वत मुत्सद्द्यांनी नव्याने बांधविले. मंदिर नवे झाले. दैवत तेच राहिले.

उपमा एकदेशी असते, हे आम्ही जाणतो. तथापि संगणकातही जपावयाचे काय आणि बदलावयाचे काय, हे आधी ठरवावे लागते. वडिलांची पत्रे, छायाचित्रे, घरचे हिशेब हे जपावयाचे. म्हणून त्यांची प्रत अन्यत्र ठेवणे ही पहिली निगा. यंत्र मंदावले तर पंख्यातील धूळ काढावी, निरुपयोगी प्रणाली काढाव्यात. तेवढ्याने न भागल्यास फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी. पुष्कळदा एवढ्यानेच जुने यंत्र तरतरीत होते. मुख्य पट्टच निकामी झाला आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तर मात्र नवे घेण्यात संकोच नसावा.

याहून अवघड प्रसंगही येतो. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढील आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. यंत्र धडधाकट, परंतु असुरक्षित! अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे ही काटकसर नव्हे. पण म्हणून ते फेकावेच असेही नाही; लिनक्स घातल्यास ते मुलांच्या अभ्यासाला अजून काही वर्षे पुरेल.

शेवटी टाकावयाची वेळ आलीच, तर चकती पुसून यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रास द्यावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांचा हेतूही तोच आहे. वाटेल तेथे दिलेल्या भंगारातील तांब्यासाठी कोणी गरीब मनुष्य तारा जाळतो, आणि तो विषारी धूर त्याच्या मुलांच्या छातीत जातो. नव्या यंत्राच्या किमतीत हा धूर कोठेच मांडलेला नसतो. विवेकी गृहस्थाने तो मांडावा आणि मगच नव्याचा विचार करावा.