विळ्याबरोबर फिरणारी नजर

शांत बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. श्वास त्याच्या गतीने येऊ द्या, जाऊ द्या, आणि मनाने भंडारा जिल्ह्यात या. साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, मोहाडी, जवळचा वाटेल तो तालुका घ्या. दिवाळी होऊन गेली आहे. गावोगावी मंडई भरते आहे, रात्री दंडार उभी राहते आहे. हलकं धान निघालं. भारी धान पिवळं पडून वाकलं आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी बांधीला शेवटचं देऊन झालं, आता बांधीतला चिखल घट्ट होतो आहे.

धुऱ्यावर उभे राहा. घाई करू नका. धुऱ्यावर तूर आहे, तिला फुलं आली आहेत. समोरची बांधी लहान आहे, तिच्या पलीकडे दुसरी, तिच्या पलीकडे तिसरी. प्रत्येकीचा उतार वेगळा, माती वेगळी. हे सगळं एकदा डोळ्यांनी फिरून या.

आता बांधीत उतरा आणि वाका. डाव्या हाताने धानाची चुडी धरा, बोटं तिच्याभोवती आवळा. उजव्या हातातला विळा बुडाशी लावून आपल्याकडे ओढा. कर्र असा बारीक आवाज होतो. दुसरी चुडी, तिसरी. मूठ भरली की मागे धसकटांवर आडवी ठेवा. अशा मुठी रांगेने पडत जातात, त्या कडपा. शेजारी आणखी बायका आहेत, त्यांच्याही पाती चालू आहेत. कुणी बोलतं आहे, कुणाचं मूल धुऱ्यावर झोपलं आहे. कंबर दुखू लागली आहे. ते दुखणंही मनातून काढून टाकू नका. ज्यांनी वर्षानुवर्षं हे केलं त्यांच्या कमरेचा विचार केल्याशिवाय कापणीची आठवण काढणं बरोबर नाही.

आणि वाकलेल्या अवस्थेतच एका गोष्टीकडे लक्ष द्या. हातात येणारी प्रत्येक मूठ डोळ्यांखालून जाते आहे. इथे तुडतुड्याने धान जाळलं, त्याचा करपलेला गोल चट्टा. इथे पाणी जास्त थांबलं, चुड्या बारीक राहिल्या. इथली लोंबी लांब, दाणे दाट. ही मात्र वेगळीच, कुठून आली कोण जाणे. कुणी मुद्दाम तपासत नाही, तरी बांधीचा कानाकोपरा पाहून होतो.

इथे थोडं थांबा. ती मूठ हातात असू द्या.

पुढचं सगळं तेव्हा संथ होतं. कडपा उन्हात वाळायच्या, मग भारे बांधायचे, भाऱ्यांचं पुंजणं रचायचं. पुंजणं कधी कधी महिना-दोन महिने उभं राही. सवड झाली की शेणाने सारवलेल्या खळ्यावर धान पसरायचं, मधल्या खांबाभोवती बैलांची दावण फिरवायची, वारा आला की सुपाने उपणायचं. नंतर थ्रेशर आला आणि दावण संपली, पण कापणी हातानेच राहिली.

आता तीच बांधी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. धुरा फोडून हार्वेस्टर आत येतो. ओल असेल तिथे चेनवाला, कोरड्यात चाकांचा. त्याला वळता यावं म्हणून कोपरे आधी विळ्याने कापून ठेवले आहेत. बांधीतलं हातचं काम तेवढंच उरलं. बायकांच्या जथ्याला अख्खा दिवस लागायचा तो एकर तासाभरात मोकळा होतो. कापणं, मळणं, दाणा वेगळा करणं, सगळं त्या एका पोटात. बाहेर येतं ते थेट धान.

हे यंत्र परक्या शेतांसाठी जन्मलं. 1836 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये हायरम मूर याने कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचं, म्हणजे कम्बाइनचं, पेटंट घेतलं. घोड्यांचा मोठा जथा ते ओढायचा. तिथल्या मक्याच्या शेतात हात मात्र आणखी शंभर वर्षं चालले. शेतकरी ओळीने जाऊन कणीस हाताने सोलायचा, गाडीत टाकायचा, आणि देखणं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढायचा. 1924 साली आयोवा राज्यात मका सोलण्याच्या राष्ट्रीय शर्यती सुरू झाल्या, त्या पाहायला पुढे हजारोंची गर्दी लोटू लागली. 1954 साली जॉन डिअरने कम्बाइनला जोडायचं मक्याचं तोंड बाजारात आणलं, आणि कणीस हातात घेऊन पाहण्याचं कामच राहिलं नाही. तिकडे आज जुन्या कम्बाइन जपून ठेवणारी माणसं आहेत, त्यांचे मेळे भरतात. आपल्याकडे पंजाब ट्रॅक्टर्सने 1980 साली स्वराज कम्बाइन काढली, आणि पंजाबातली ही यंत्रं हळूहळू दूरदूरच्या शेतांत पोचली.

आता मन शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात न्या. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे शेतकरी, शाळा तिसरीपर्यंतची. 1983 साली त्यांच्या शेतात पटेल-3 नावाचं धान उभं होतं. त्या उभ्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी निराळ्या लावल्या, निवडत राहिले. त्यातून जे वाण आलं त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. पुढे कृषी विद्यापीठाने त्यावरून पीकेव्ही-एचएमटी काढलं. 2018 साली दादाजी गेले. आज आपण जो बारीक तांदूळ आवडीने खातो, त्याच्या मुळाशी एका माणसाची नजर आहे.

ते शेत आणि त्या लोंब्या काही वेळ मनात धरा. कापणारं तोंड त्यांच्यावरून गेलं असतं तर त्या बाकीच्या धानात मिसळून गिरणीत गेल्या असत्या.

आणखीही काही जातं. उभ्या धानात, ओल असताना, लाखोळी नाहीतर जवस फेकायची रीत आहे. विळ्याने कापलं तर ती कोवळी रोपं धसकटांत वाचतात. हार्वेस्टरखाली चिरडली जातात. सरवा वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायांना लोंब्या मिळत नाहीत. तणस बांधीभर विखुरते, जनावरांच्या वाट्याला पूर्वीइतकी येत नाही, आणि कुणी ती पेटवून देतं.

तरीही यंत्राला दोष देण्यासाठी हे मनन नाही. धान एकदम पिकतं, मजूर एकदम मिळत नाहीत. तुडतुडा पडला की चार दिवसांत उभी बांधी जाते. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला की कडपा पाण्यात तरंगतात, दाण्यांना कोंब फुटतात, आणि ज्याने ते पाहिलं आहे त्याला विळ्याचे गोडवे ऐकवणं क्रूरपणाचं आहे. खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओलं धान घेत नाहीत. सोसायटीचं कर्ज मात्र थांबत नाही. शेतकऱ्याने हार्वेस्टर बोलावला तर शहाणपणाने बोलावला. वाकलेल्या बायकांना सुटका हवीच होती. त्या सुटकेबरोबर त्यांची मजुरीही गेली, आणि याचा हिशेब गावाने अजून केलेला नाही, असं मला वाटतं.

म्हणजे कंबर सुटली, ते चांगलंच झालं. नजर सुटायचं कारण नव्हतं. ती कापणीच्या कामात आपोआप मिळत होती. आता ती मुद्दाम ठेवावी लागेल.

श्वास पुन्हा सावकाश घ्या. डोळे उघडा.

यंदा तुमच्या बांधीत हार्वेस्टर येणार असेल, तर आदल्या दिवशी घरातल्या जाणत्या बाईला बरोबर घेऊन धुऱ्याधुऱ्याने एक फेरी मारा. तिने या पिकात तुमच्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. ती ज्या लोंब्यांपाशी थांबेल त्या विळ्याने कापा, वेगळ्या बांधा, वाळवून नाव-तारीख लिहून ठेवा. आणि यंत्र त्यानंतर आत येऊ द्या.