रंग बदलला, बैल तोच?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात दोन सोहळे एकाच वेळी चालतात. पोरे लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याला निघतात, घरोघर बोजारा, म्हणजे बक्षिसी, गोळा करतात. आणि त्याच दिवशी जुन्या शहराच्या रस्त्यांतून काळी व पिवळी मारबत हे पुतळे मिरवत नेऊन जाळतात. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला असे मानले जाते. मारबतींची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अनेक घरांत बैल आजोबांच्या वेळचा असतो. सण जवळ आला की तो माळ्यावरून खाली येतो, त्याला पॉलिशपेपर लागतो, खपल्या निघालेल्या जागी लांबी भरली जाते, नवा रंग चढतो, पाठीवर झुलीची नक्षी येते, कुणाची हाताने काढलेली तर कुणाची छाप ठेवून उठवलेली. मारबतीचा बांबू, कागद, कापड मात्र दर वर्षी नवे, कारण गेल्या वर्षीच्या मारबतीची राख झालेली असते. तरीही नागपूरकर दोघांबद्दल एकच भाषा बोलतो: बैल तोच, मारबतही तीच. घरच्या फर्निचरबाबत हेच कोडे येते: जुन्या पलंगाला स्टेन मारावा की ऑइल पेंट, कपाटाच्या दारावर स्टेन्सिलची वेलबुट्टी उठवावी की नाही, हा वरवर घरसजावटीचा प्रश्न. पण त्याच्या पोटात दडलेला प्रश्न आपल्या दर्शनांइतका जुना आहे. पृष्ठभाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का, आणि तो बदलणे सत्याला धरून आहे का?

या प्रश्नावर न्याय आणि वैशेषिक हे जवळचे भाऊही भांडलेले आहेत. कच्चे मडके आव्यात भाजले की काळपट मातीचे लाल होते. वैशेषिकांचे म्हणणे असे की उष्णतेने मडक्याचे परमाणू सुटे होतात, रंग त्या परमाणूंत बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवे मडके तयार होते. म्हणजे आव्यात गेलेले मडके आणि बाहेर आलेले मडके वेगळे. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे पटत नाही. मडके सच्छिद्र आहे, आच त्याच्या आरपार जाते, रंग पालटतो, पण मडके मोडत नाही. बाहेर आल्यावर आपण ते ओळखतो हाच त्याचा पुरावा. हा पिठरपाकवाद. लाकडाच्या बाबतीत सुतार आणि पॉलिशवाले उघडच नैयायिकांच्या बाजूचे आहेत. पण मारबतीपुढे नैयायिकाची पंचाईत होते. तिथे अवयव जळून गेले, अवयवी, म्हणजे त्यांची बनलेली अख्खी वस्तू, उरला नाही, आणि ओळख मात्र टिकली. तिथे मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन उपयोगी पडतो. रथ म्हणजे कणा नव्हे, चाके नव्हेत, दांडी नव्हे, या सगळ्यांवर टेकलेले ते एक व्यवहारातले नाव, असे त्याने मिलिंद राजाला पटवले. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर हे तत्त्वज्ञान नागपूरला परके म्हणता येणार नाही. अडचण एवढीच की नुसते नाव पुरत असेल, तर आजोबांचा बैल विकून बाजारातून नवा आणला तरी काही बिघडू नये. आणि बिघडते, हे ज्या घरात असा बैल आहे तिथे कुणीही सांगेल.

माझे म्हणणे असे की वस्तूचे तेच असणे लाकडात शोधणाऱ्याला आणि नावात शोधणाऱ्याला दोघांनाही अर्धेच उत्तर मिळते. वस्तूकडून आपण कोणते काम मागतो, यावर ते ठरते. मारबतीने वर्षाची ईडापीडा, रोगराई घेऊन जायचे असते. ते काम नाहीसे होण्याचेच आहे, म्हणून तिचे द्रव्य टिकवणे म्हणजे तिला काम करू न देणे. बैलाचे काम एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती जाण्याचे. तिथे लाकूड तेच हवे आणि कातडी नवी हवी, कारण रंग उडालेला, कान तुटलेला बैल पोर मिरवणार नाही, आणि न मिरवलेला बैल माळ्यावर वाळवीचा होतो. पुरीचा जगन्नाथ या दोन्ही टोकांना एकत्र बांधतो. स्नानपौर्णिमेनंतर देव दर्शनाआड जातात आणि त्यांच्यावर पुन्हा रंग चढतो, हे दर वर्षीचे. आणि ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, 1996 मध्ये, 2015 मध्ये, त्या वर्षी निंबाचे अख्खे लाकूडच बदलते. एकच देव, रंगाचे एक वेळापत्रक, लाकडाचे दुसरे. तिथे कुणाला हा विरोधाभास वाटत नाही, कारण काय टिकवायचे आणि काय नवे करायचे हे आधी ठरलेले आहे.

पहिला आक्षेप खरेपणाचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला साग, ज्याचे लाकूड अयोध्येच्या मंदिरासाठी मागवले गेले, तो शंभर वर्षांत जो रंग धरतो तो त्याचा स्वतःचा. त्यावर निळा-पांढरा, मुद्दाम झिजवलेला (डिस्ट्रेस्ड) रंग फासणे म्हणजे मुखवटा, फार तर रेषा दाखवणारा स्टेन मारावा, असे जाणकार म्हणतात. या आक्षेपात सौंदर्यदृष्टी आहे, पण लाकडाचा व्यवहार त्याच्या उलटा आहे. स्टेन लाकडाच्या छिद्रांत, तंतूंत मुरतो. पुन्हा काढायचा तर लाकडाचाच थर घासून काढावा लागतो. रेषा दिसू देणारा स्टेन लाकडाला कायमचा बदलतो, आणि झाकणारा रंग, खाली लाखेचा एक हात दिलेला असेल तर, पुढच्या माणसाला बऱ्याच अंशी उतरवता येतो. मग प्रामाणिक कोण? जुने स्पिरिट पॉलिश याहून शहाणे. लाखेच्या किड्याच्या रसाचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडात गुंडाळलेल्या कापसाने ते हातावर हात चढवायचे. नवा हात जुन्या थराला थोडा विरघळवतो आणि त्यात मिसळतो; त्यामुळे पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणारा आधीच्याचे काम खरवडत नाही, त्यात आपले घालतो. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) चकचकीत थर तसा नाही. तो एकदा वाळला की स्पिरिटला दाद देत नाही, बिघडला की सगळा घासावा लागतो. खोटेपणा रंगात नसतो, सांगण्यात असतो. रबरवूडला सागवानी स्टेन मारून सागाच्या भावाने विकणे ही फसवणूक. तीच खुर्ची रबरवूड म्हणून सांगून गर्द केली तर तक्रार करायला जागा नाही. (मुलांच्या बैलाबाबत एक वेगळा खरेपणा आहे, त्याची चर्चा कमी होते: जुन्या एनॅमलमध्ये शिसे असू शकते, आणि 2016 च्या नियमांनी घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घातली ती नव्या रंगाला, आजोबांच्या थरांना नव्हे. ते थर कोरडे घासून धूळ उडवणे हे पावित्र्यापेक्षा आरोग्याचे पाप.)

स्टेन्सिलवरचा आक्षेप मला कमी वजनाचा वाटतो. छापाने उठवलेली नक्षी यांत्रिक, त्यात कारागिराचा जीव नाही, असे म्हणतात. पण सकाळी उंबऱ्याशी छाप ठेवून रांगोळी काढणाऱ्या बाईची भक्ती कुणी त्या छापावरून मोजत नाही. जपाची माळही तेच नाव पुन्हा ओढते.

पुढचा आक्षेप जास्त गंभीर, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, फक्त त्याची मर्यादा दाखवता येते. संग्रहालयाचे शास्त्र म्हणते, कमीत कमी हात लावा. 1964 च्या व्हेनिस सनदेनुसार वास्तूतला हरवलेला भाग नव्याने बसवला तर तो विसंगत दिसू नये, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. तिथल्या टाइपरायटरला नवा काळा रंग द्यावा असे कुणी सुचवले तर ते संतापजनकच ठरेल. कारण ती वस्तू आता साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचा चेहरा बदलू नये. मग घरच्या पलंगाला हा नियम का नको? त्याचे उत्तर सेवाग्रामला मिळते. 1936 नंतर उभी राहिलेली बापूकुटी माती-बांबूची आहे. तिला लिंपण करावे लागते, सारवावे लागते, कौले बदलावी लागतात. तिचा पृष्ठभाग गांधींनी पाहिलेला नाही असे म्हटले तरी चालेल, आणि तरी ती बापूकुटीच, कारण हातांनी होणारी ती देखभालही तिथे सांगायच्या गोष्टीचा भाग आहे. काही वस्तू न हलवता साक्ष देतात, काही वापरात राहूनच. आणि वर चढलेले काढण्याचे काय? सप्तशृंगगडावर 2022 मध्ये देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढले गेले आणि खालचे कोरीव रूप दिसले, तेव्हा अनेकांनी खरी देवी सापडली असे म्हटले. मला ते शब्द जपून वापरावेसे वाटतात. ज्या पिढ्यांनी शेंदूर चढवला त्यांचीही देवी खोटी नव्हती. थर काढणे योग्य होते ते मूर्तीच्या रक्षणासाठी, आधीच्यांची श्रद्धा चुकीची होती म्हणून नव्हे.

उरतो वैराग्याचा आक्षेप: लाकडाच्या तुकड्यात एवढे गुंतायचे कशाला? आसक्ती सोडायला सांगणाऱ्या परंपरेत जुन्या कपाटाला तीन हात पॉलिश देणे म्हणजे मोहाचीच मशागत नव्हे का? मोह असतोच, पण तो कुठे जास्त आहे ते पाहायला हवे. दर दहा वर्षांनी प्लायवूडचे नवे फर्निचर आणणारा माणूस वस्तूंपासून मुक्त नसतो, फक्त एकनिष्ठ नसतो. जुन्या सागाला चालते ठेवण्यात निदान एका झाडावर भागते. खरा मोह दुसरीकडे दिसतो: बैलगाडीचे चाक काच बसवून टीपॉय होते, वाड्याचा दरवाजा चकाकवून हॉटेलच्या भिंतीला टांगला जातो, तिथे. त्या वस्तूकडून जुने काम कुणी मागत नाही आणि साक्षही कुणाला नको असते. हवी असते फक्त जुनेपणाची झाक. अशा वेळी कितीही हळुवार स्टेन मारा, कितीही अस्सल लाख वापरा, ते जपणे नव्हे. त्यापेक्षा त्याच दरवाज्याला भडक निळा ऑइल पेंट मारून तो एखाद्या घराला बसवणाऱ्याने त्याचे अधिक भले केले, असे मी म्हणेन. पॉलिशवाल्यांना ते आवडणार नाही.