हप्ता कळला, कर्ज कळले काय?

कर्जाचा हप्ता कळणे आणि कर्ज कळणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय?

सुरत–बारडोली रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गाला जिथे छेदतो, त्या कडोदऱ्यात कापडाच्या कारखान्यांच्या आधाराने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणे ही अनेकदा एका पिढीची कमाई असते. पूर्वी हप्त्याचा आकडा कर्ज देणाराच सांगे. आता रक्कम, व्याजदर आणि मुदत भरली की भ्रमणध्वनीवरील एखादी साधी आज्ञावली तो क्षणात सांगते.

२० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजातच जातात. अखेरीस व्याजाची बेरीज साडेएकवीस लाखांच्या पुढे, म्हणजे मुद्दलाहून अधिक होते. मुदत १५ वर्षांची केली, तर हप्ता सुमारे २,३४० रुपयांनी वाढतो आणि व्याज सहा लाखांहून अधिक घटते. आज्ञावली खोटे बोलत नाही. मात्र विचारल्यावाचून काही सांगतही नाही. ‘महिन्याला किती झेपेल?’ एवढेच विचारणाऱ्याला लांब मुदत स्वस्त भासते. ‘माझ्या कमाईची किती वर्षे यात जातील?’ हा प्रश्न ज्याचा त्यानेच विचारावा लागतो.

या विवंचनेला इतिहास आहे. दामदुप्पटीच्या जुन्या नियमाने एका वेळी वसूल करावयाच्या व्याजाला मुद्दलाची मर्यादा घातली होती. महिन्याच्या महिन्याला फिटणाऱ्या व्याजाला ती आड येत नाही, म्हणून वरची बेरीज कोणाला खटकत नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगे उसळले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या खतांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांकडे सोपवले. कागदावर अंगठा उमटला म्हणजे संमती पूर्ण झाली, असे नव्हे, हे त्यातून मान्य झाले.

आज रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी ऋणकोला समजेल अशा भाषेत तथ्यपत्रक द्यावे लागते, ते समजावून सांगावे लागते आणि समजल्याची पोचही घ्यावी लागते. तरतूद उत्तम आहे. परंतु घराच्या ओढीने बसलेला माणूस त्या पोचेवरही घाईने सही करील. शिवाय बदलत्या दराचे कर्ज असेल, तर आजचा आकडा उद्याचे वचन नसते. दर वाढला आणि हप्ता तोच राहिला, तर मुदत लांबते आणि कधी निवृत्तीच्या पलीकडेही जाते.

तेव्हा ‘साधन हाती होते, त्याने पाहायला हवे होते’ असे म्हणून जाणत्याची सुटका होत नाही. हिशेब सोपा झाला, तसे तो समजावून सांगण्याचे कष्टही कमी झाले. ते टाळायला आता सबब उरलेली नाही. ज्यांची घरे येथे उभी राहून काळ लोटला, त्यांनी नव्याने आलेल्याच्या शेजारी बसून मुदतीचा आकडा दोनदा बदलून दाखवावा, दर एका टक्क्याने वाढवून पाहावा. निर्णय त्याचाच राहील. पण तो त्याने जाणून घेतलेला असेल.