न घडलेल्या आगीचा दोष

एखाद्या कृत्यातून कोणालाही इजा झाली नाही, तर ते कृत्य निर्दोष ठरते काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. आणि कॅमेरा-ड्रोन बरोबर घेऊन प्रवासी विमानात बसणाऱ्या माणसापुढे तो आज अगदी स्पष्ट रूपात उभा राहतो. ड्रोनच्या लिथियम-आयन बॅटऱ्या वजनाच्या मानाने पुष्कळ ऊर्जा साठवतात आणि त्यांच्यातील द्रव ज्वलनशील असतो. आतील दोन ध्रुवांना अलग ठेवणारा पातळ पडदा आघाताने किंवा उत्पादनातील दोषाने फाटला, तर शॉर्ट सर्किट होऊन उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने रासायनिक क्रियांना वेग येतो आणि त्या क्रिया आणखी उष्णता निर्माण करतात. स्वतःलाच भडकवत जाणाऱ्या या साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

विमानवाहतुकीचे नियम या साखळीच्या ज्ञानावर उभे आहेत. सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. बॅटरीची ऊर्जा वॅट-तासांत, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने मोजतात. 100 वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सामान्यतः वेगळी परवानगी लागत नाही, 100 ते 160 वॅट-तासांच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालत नाही. मॅव्हिक 3 या ड्रोनची 77 वॅट-तासांची बॅटरी पहिल्या गटात बसते. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच ठेवायला लावण्याचे कारण असे की, मालकक्षातील हॅलॉन वायू ज्वाला दडपत असला तरी बॅटरीच्या आत चाललेली साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला.

तरीही घाईत असलेला प्रवासी सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत कपड्यांखाली सरकवतो, विमान सुखरूप उतरते आणि झाले ते योग्यच होते असे त्याला वाटते. परिणामावरून कर्माचे मोल ठरवणाऱ्या विचाराला या प्रवाशाला दोष देणे अवघड जाते, कारण आग लागण्याची शक्यता खरोखरच फार थोडी असते. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी 1976 साली ‘नैतिक दैव’ या नावाने हाच पेच मांडला: दोघांनी सारखाच निष्काळजीपणा केला, एकाच्या हातून अनर्थ घडला व दुसऱ्याच्या हातून घडला नाही, तर त्यांच्या दोषात अंतर मानायचे ते कशाच्या आधारावर?

जैन आचारमीमांसेने या प्रश्नाला दिलेले उत्तर असाधारण स्पष्ट आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्राणहानीच्या आधी प्रमाद, म्हणजे असावधान किंवा विकारग्रस्त वृत्ती, हे कारण म्हणून सांगितले आहे. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात हा विचार टोकापर्यंत नेला आहे: सावध माणसाच्या हातून नकळत जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही आणि प्रमादी माणसाच्या वागण्यातून कोणी मेले नाही तरी तो हिंसेतून सुटत नाही. या दृष्टीने बॅटरी दडवणाऱ्याचा दोष बॅग बंद करतानाच पूर्ण झालेला असतो. विमान सुखरूप उतरले हे इतरांचे भाग्य असते, त्याचे पुण्य नव्हे.

मुनिधर्मातील पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना बाळगायच्या सावधतेविषयीच आहे. ती मुनींसाठी सांगितलेली असल्याने प्रवाशाला जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हे खरे. परंतु गृहस्थाच्या अनर्थदंडविरती या व्रतातही, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेपासून निवृत्तीत, प्रमादचर्या वर्ज्य मानली आहे. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावणे, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवणे आणि ती हाताशी असू देणे ही कामे क्षुल्लक दिसतात, पण परक्याच्या जिवाची काळजी अशाच कामांतून आचरणात येते. 28 जानेवारी 2025 रोजी बुसान येथे उड्डाणापूर्वी एका प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये आग लागली, पॉवर बँक हे तिचे संभाव्य कारण मानले गेले आणि त्यानंतर दक्षिण कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. वस्तू कोठे ठेवावी या साध्या प्रश्नावर शेकडो जीव अवलंबून असू शकतात, हे त्यातून दिसले.

येथे नियमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. जमिनीवर आपटलेली किंवा किंचित फुगलेली बॅटरी नियमानेही निषिद्धच आहे, परंतु तिच्यावर छापलेला आकडा तसाच राहतो आणि तपासणी करणाऱ्याला तिचा इतिहास कळत नाही. तो फक्त मालकाला ठाऊक असतो. जिथे ज्ञान एकाच्याच जवळ असते, तिथे जबाबदारीही त्याच्यापासून दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. शिवाय शेजारी बसलेल्या वृद्धाने किंवा बालकाने हा धोका स्वीकारलेला नसतो. त्यांच्या संमतीविना त्यांच्यावर जोखीम लादणे हे तिच्या अल्पत्वामुळे न्याय्य होत नाही. म्हणून नियम पाळणे ही किमान पातळी मानून, जी बॅटरी संशयास्पद आहे ती कोणी विचारले नाही तरी घरीच ठेवणे, हे अहिंसेचे आजच्या काळातील एक खरे रूप मानले पाहिजे.