काळीज आणि काळजी

आपल्या भाषेत काळीज आणि काळजी हे दोन शब्द अगदी शेजारी राहतात. वाईट वार्ता कानी पडली की काळजात धस्स होते; मूल वेळेवर घरी परतले नाही की काळजाचा ठोका चुकतो. परंतु काही माणसांच्या वाट्याला असे दिवस येतात की त्यांच्या काळजीचा विषय खुद्द त्यांचे काळीजच होऊन बसते. डॉक्टरांनी तपासले, कार्डिओग्राम काढला, टू-डी इको झाली, सारे काही निर्दोष निघाले; तरी रात्री दिवा मालवला की उशीतून ठोके ऐकू येतात, बोटे आपोआप मनगटावर जातात आणि 'या वेळी खरेच काही असले तर?' हा प्रश्न झोप उडवून लावतो.

2021 सालच्या सप्टेंबरात अभिनेते सिद्धार्थ शुक्ला वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तर ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतर बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत धास्तावलेल्या लोकांची तपासणीसाठी रीघ लागली होती. धास्ती ही अशी पसरते. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही तिच्यापासून दूर नाहीत.

अशा माणसाला आपण सहज म्हणून जातो, 'तुमची श्रद्धा कमी पडते.' हा न्याय बरोबर आहे काय? चिंता करून कोणाच्या आयुष्याची लांबी वाढत नाही, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले, हे खरे. पण तेच प्रभू गेथशेमनी बागेत व्याकूळ झाले आणि त्यांचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडला, हेही त्याच शुभवर्तमानांत आहे. भय वाटणे हे पाप नव्हे; तो मनुष्यदेहाचा धर्म आहे.

शिवाय ही वेदना सोंग नसते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिक छातीत दुखते, धडधडते, दम लागतो, अशी तक्रार घेऊन येत. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून 1871 साली निबंध प्रसिद्ध केला. हृदयाच्या रचनेत दोष न सापडताही त्या माणसांचा त्रास खरा होता. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. भयाने ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, ठोके वाढतात. वाढलेले ठोके ऐकून भय वाढते आणि चक्र पुन्हा फिरू लागते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा पडणाऱ्या ठोक्यांत एखादा मागेपुढे होणे निरोगी हृदयातही घडते. त्यावर पहारा ठेवणाऱ्यालाच तो घंटेसारखा ऐकू येतो.

मग करावे काय? येथे आपली मराठीच वाट दाखविते. 'काळजी घेणे' वेगळे आणि 'काळजी करणे' वेगळे. तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर तपासून घेणे, रोज चालणे, ही काळजी घेणे झाले. देवाने दिलेल्या देहाविषयीचे ते कर्तव्य आहे. छातीवर दाब येऊन कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, घाम फुटला, श्वास अपुरा पडू लागला, तर विचार करीत न बसता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, घाटी रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठावा. त्यात भित्रेपणा नाही. परंतु डॉक्टरांनी निर्वाळा दिल्यावर आठ दिवसांनी तोच निर्वाळा दुसऱ्याकडे मागणे, त्यानंतर तिसऱ्याकडे मागणे, ही काळजी घेणे उरत नाही. मागितलेला प्रत्येक दिलासा थोडा वेळ टिकतो आणि पुढच्या शंकेची भूक वाढवून जातो.

आत्म्याच्या बाबतीत ही व्याधी चर्चला फार पूर्वीपासून परिचित आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी 1522 साली माँटसेराट येथे तीन दिवस खपून, लिहून काढून पापनिवेदन केले. तरी मान्रेसा येथे त्यांना शंकांनी ग्रासले: एखादे पाप सांगायचे राहिले असेल काय? ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत राहिले, पण शांती लाभेना. जीव देण्याचेही विचार मनात आले. अखेर गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत, असा निश्चय त्यांनी केला आणि ते मोकळे झाले. पुराव्याची भर पडल्याने त्यांची शंका मिटली नव्हती. तिला उत्तर देण्याचे त्यांनी थांबविले, तेव्हा ती मिटली.

छत्रपती संभाजीनगरातील आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस दि सेल्सही याच आगीतून गेले होते. पॅरिसमध्ये शिकत असताना, 1586 च्या सुमारास, 'आपण नरकातच जाणार' या भयाने त्यांना पछाडले. ते आजारी पडले. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी ठरविले की पुढे जे व्हायचे ते होवो, निदान या जन्मात तरी देवावर प्रेम करीन. तारणाची हमी त्यांना मिळाली नव्हती. त्यांनी हमी मागणे सोडले होते. पुढे 1609 साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिमय जीवनावरील आपल्या ग्रंथात त्यांनी चिंताग्रस्ततेला पापाखालोखाल आत्म्याची सर्वांत मोठी हानी करणारी गोष्ट मानले आणि जाळ्यात सापडलेल्या पाखरांचा दृष्टान्त दिला. पाखरू जितके फडफडते, तितके अधिक गुरफटते.

घरच्या माणसांनीही येथे विचार करावा. रात्री दोन वाजता नाडी पाहून 'काही नाही हो' असे दहाव्यांदा सांगणे हे प्रेमच आहे, परंतु त्याने जाळे सैल होत नाही. 'डॉक्टरांनी सांगितले ते आपण ऐकले आहे. आता मी तुमच्याजवळ बसते' असे म्हणणे अधिक कठीण आहे आणि अधिक हिताचेही. एकच डॉक्टर ठरवावा, पुढील तपासणीची तारीख त्यांच्याकडूनच घ्यावी आणि मधल्या दिवसांत मनगट सोडून द्यावे. भय तरीही हटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कसलीही लाज नाही. या दुखण्यावर उपचार आहेत आणि ते गुण देतात.

आपल्या घरोघरी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. ज्या संत मार्गारेट मेरी अलाकोक यांच्यामुळे ही भक्ती सर्वत्र पसरली, त्या व्हिजिटेशन संघाच्या भगिनी होत्या. आणि तो संघ 1610 साली संत फ्रान्सिस दि सेल्स यांनीच संत जेन दि शांताल यांच्यासमवेत स्थापिला होता. त्या तसबिरीतील हृदय न्याहाळावे. ते जपून ठेवलेले नाही. त्याला काटे आहेत, जखम आहे, ज्वाला आहे. आपले हृदयही एक दिवस थांबणार, याची खात्री कार्डिओग्रामशिवायही आहे. ते केव्हा थांबेल, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. तोवर पडणारे ठोके मोजत बसायचे की कोणासाठी तरी खर्च करायचे, एवढीच निवड आपल्या हाती ठेवलेली आहे.