हुशार मुलांचाही हक्क

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. गुरुजी चौथीला अपूर्णांक शिकवत असतात, तेव्हा तिसरीतली एखादी मुलगी आपले गुणाकार उरकून फळ्याकडे बघत असते. चौथीतल्या कुणाच्याही आधी उत्तर तिच्या तोंडात तयार असतं. गुरुजींच्या ते ध्यानात येतं, कौतुकही वाटतं. पण सगळ्या पटाला वाचता आलं पाहिजे ही जबाबदारी त्यांच्यावर, ऑनलाइन माहिती त्यांनीच भरायची आणि पोषण आहाराचा हिशेबही त्यांनीच ठेवायचा. मग ते तिला धाकट्यांचे पाढे घ्यायला बसवतात, वह्या तपासायला देतात, मॉनिटर करतात. तिच्या बुद्धीला शाळेकडून मिळणारं काम एवढंच. दोन-तीन वर्षांत ती फळ्याकडे बघायचं सोडून देते.

हुशार पोर कुठेही चमकतं, ही आपली समजूत फार पक्की आहे. चमकलेली मुलं दिसतात म्हणून ती टिकते. विझलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही. शहरातल्या सुस्थित घरात पुस्तकं असतात, ऑलिंपियाडचे क्लास लावता येतात, मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणीतरी असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला शाळेखेरीज दुसरं काहीच नसतं, आणि हंगाम सुरू झाला की तीही सुटते. म्हणूनच प्रज्ञावंत मुलांचा प्रश्न हा सरकारी शाळेचा प्रश्न आहे आणि त्यासाठी राज्याने कायदा करायला हवा.

आज काहीच नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मुलाच्या क्षमता आणि प्रतिभेच्या विकासाची अपेक्षा ठेवतं. कलम २४ नुसार शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करायचं आहे. व्यवहारात मात्र जादा अध्यापन म्हणजे मागे पडलेल्यांचा तास, एवढाच अर्थ उरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभेच्या मुलांना प्रोत्साहन द्यावं असं म्हटलं आहे. पण धोरण पाळलं गेलं नाही म्हणून पालकाला कुठे दाद मागता येत नाही.

नुसत्या योजनेवर विसंबलं की काय होतं, हे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेने दाखवून दिलं. १९६३ पासून चालत आलेली ही योजना २०२१ नंतर थांबवली गेली. तिच्यावर कुणाचा कायदेशीर हक्क नव्हता, त्यामुळे ती चालू ठेवायला कुणी बांधीलही नव्हतं. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली होती, तीही शासन निर्णयानेच. शिवाय त्या परीक्षेत यश मिळवलेलं मूल रक्कम आणि प्रमाणपत्र घेऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतं. त्याच्या रोजच्या शिकण्यात काडीचाही फरक पडत नाही. नवोदय विद्यालयात सहावीला साधारण ८० मुलं घेतात. निवड न झालेल्यांचं पुढे काय, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि प्रज्ञावंतांचं शिक्षण मराठीतून, समाजाशी बांधिलकी राखून होऊ शकतं हे सिद्ध केलं. पण ३६ जिल्ह्यांचा भार स्वयंसेवी संस्थेने उचलावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

अशा कायद्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप समतेचा आहे. मुलांना धड वाचता येत नसताना हुशारांचे लाड कशाला? आणि निवड म्हटली की पुढारलेल्या घरांचीच मुलं वर येणार, ही भीतीही खोटी नाही. शिफारशीवर निवड सोडली तर नेमकं तसंच होतं. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी शिक्षक आणि पालक नावं सुचवत, तोवर गरीब आणि अल्पसंख्य मुलं यादीत फारशी नसत. २००५ मध्ये तिथे दुसरीच्या सगळ्याच मुलांची चाचणी सुरू झाली आणि या मुलांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी हा बदल अभ्यासून मांडला आहे. बुद्धी त्या मुलांपाशी आधीही होती, फक्त तिकडे कुणी पाहिलं नव्हतं.

सर्वांचं शिक्षण आणि प्रज्ञावंतांना साथ यांत एकच निवडावं लागतं, हेही खरं नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. त्यांनीच १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. एकाच राजाने दोन्ही गोष्टी केल्या. मात्र लोकशाहीत हुशार मुलाने गुणग्राही राजा भेटण्याची वाट पाहू नये.

शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने राज्याला असा कायदा करता येतो. शाळांत मराठी सक्तीची करण्यासाठी महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा केलाच. प्रज्ञावंत मुलांसाठीच्या कायद्यात पाच गोष्टी असाव्यात. पहिली गोष्ट, तिसरीत आणि सहावीत प्रत्येक मुलाची पाहणी व्हावी. ती क्लासमध्ये घोकून पार करता येणार नाही अशी असावी, आणि भिल्ली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत असावी. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठीच्या चाळणीला मनाई केली आहे. ही पाहणी प्रवेशानंतरची आणि कुणालाही शाळेबाहेर न काढणारी असेल. दुसरी गोष्ट, मूल आपल्याच शाळेत राहावं, पण एखाद्या विषयात वरच्या वर्गात बसण्याची त्याला मुभा असावी आणि आठवड्यातून एकदा केंद्रशाळेत जादा तास मिळावा. तिसरी, प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. पदविकेच्या अभ्यासक्रमात या मुलांना ओळखण्याचं आणि शिकवण्याचं प्रशिक्षण असावं. चौथी, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष असावं. पाचवी, मुलाची नोंद त्याच्याबरोबर गावोगाव जावी आणि शाळेने टाळाटाळ केली तर पालकाला तक्रार करता यावी.

यासाठी सरकारच्या पुढाकाराची वाट पाहत बसायचं कारण नाही. मंत्री नसलेला कोणताही आमदार असा मसुदा अशासकीय विधेयक म्हणून सभागृहात मांडू शकतो. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे, प्रत्येक गावाला ग्रामसभा आहे. तिथे ठराव होऊन ते आमदारांपर्यंत पोचू लागले, तर या मागणीकडे डोळेझाक करणं कुणालाच सोपं जाणार नाही. गाव आपल्या रस्त्यासाठी, पाण्यासाठी ठराव करतंच. आपल्याच शाळेतल्या बुद्धीसाठीही त्याने तो करावा.