वडिलांच्या नावाचा रकाना

कोलंबिया विद्यापीठाचं नाव निघालं की आपली मान जरा ताठ होते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले आणि जात विचारणारं कोणी नाही अशा वर्गात बसून अर्थशास्त्र शिकले. याचा अभिमान वाटणं रास्तच आहे. पण १९१९च्या सुमारास त्याच विद्यापीठाने आपल्या पदवी कॉलेजसाठी नवा प्रवेशअर्ज काढला. त्यात धर्म विचारला होता, वडिलांचं नाव आणि जन्मस्थान विचारलं होतं, फोटोही मागितला होता. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्यांतली, स्थलांतरितांची मुलं भराभर पुढे येत होती. परीक्षेने अडेनात, म्हणून त्यांना अर्जाने अडवलं.

हार्वर्डने हेच काम अधिक सफाईने केलं. १९२२ मध्ये अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचं सुचवलं. ओरड झाली, प्राध्यापकांच्या समितीनेही नकार दिला. मग १९२६ पासून गुणांसोबत ‘चारित्र्य’ पाहायचं ठरलं, आणि ज्यू मुलांचा टक्का मुकाट उतरला. ज्या ‘सर्वांगीण’ निवडीचं आज एवढं कौतुक होतं, तिचा जन्म असा झाला. अमेरिकेत एडिसनमधले किंवा बे एरियातले मराठी आईबाप मुलांना व्हायोलिनच्या शिकवणीतून वादविवादाच्या स्पर्धेला आणि तिथून पोहायला पळवत असतात, ते याच निवडीसाठी.

ही पद्धत मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या गुणांवर माणूस जोखण्याचे तोटे आपण लातूरपासून कोटापर्यंत पाहतोच आहोत. पण ‘व्यक्तिमत्त्व’ मोजणारी फूटपट्टी बंद खोलीत ठेवली की ती कोणाच्या बाजूला झुकते, याचे दाखले बोलके आहेत. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध चाललेल्या खटल्यात दिसलं की आशियाई वंशाचे अर्जदार अभ्यासात सरस होते, पण व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत त्यांची सरासरी गोऱ्या अर्जदारांपेक्षा खाली होती. खालच्या कोर्टाला यात जाणूनबुजून केलेला भेदभाव आढळला नाही. मला मात्र १९२६ आठवलं.

त्याच खटल्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांची मुलं अर्ज करत, त्यांतल्या साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळे. इतरांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. ती मुलं चांगल्या शाळांतून आलेली असतात, हुशारही असतात, हे खरं. पण मग त्यांना वेगळ्या टेकूची गरज काय? याच खटल्यात २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेणं बेकायदा ठरवलं. वारशाच्या सवलतीला त्या निकालाने हात लावला नाही. वर्ण पाहायचा नाही, वडील कुठे शिकले ते पाहिलं तर चालतं.

देणगीदारांची तर गोष्टच वेगळी. आपल्याकडे १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली तेव्हा या व्यवहाराला सरळ ‘डोनेशन’ म्हणत. निदान शब्दाची लाज धरली नव्हती. तिकडे २०१९ मध्ये विल्यम सिंगर नावाचा प्रवेश-सल्लागार पकडला गेला. नाव कधी न वल्हवलेली मुलं कागदोपत्री नौकानयनपटू करून, प्रशिक्षकांना लाच देऊन तो त्यांना नामवंत विद्यापीठांत घुसवत होता. त्याचा हिशेब साधा होता: पुढचं दार गुणवत्तेचं, मागचं दार भल्यामोठ्या देणगीचं, आणि आपण बाजूचं स्वस्त दार उघडलं. तो तुरुंगात गेला. मागचं दार होतं तिथेच आहे, कारण ते कायदेशीर आहे.

मग सुधारणा हवी का? हवीच. पण २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचं दोन अब्ज डॉलरहून अधिक संशोधन-अनुदान रोखलं, प्रवेशांपासून प्राध्यापकांच्या मतांपर्यंत तपासणी मागितली, तिला मी सुधारणा म्हणणार नाही. ही मालक बदलण्याची घाई होती. विद्यापीठ कोर्टात गेलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे जिंकलं, याचा मला आनंदच झाला. पंचाईत अशी की वेढा पडला की किल्ल्याच्या आतले सगळेच शूर ठरतात, आणि किल्लेदाराला जाब विचारणारा फितूर.

खरा प्रश्न दोन्ही बाजूंना नकोसा आहे. हार्वर्डची गंगाजळी पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे. २०२४ च्या प्रवेशासाठी ५४ हजार मुलांनी दार ठोठावलं, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात जागा साधारण सोळाशे. एवढ्या पैशात दुप्पट मुलं शिकवता येणार नाहीत असं थोडंच आहे? पण जागा वाढल्या तर नाकारलेल्यांची संख्या घटेल, आणि पदवीचा भाव तर नाकारलेल्यांच्या गर्दीवरच ठरतो. रांग लांब दिसावी म्हणून खिडकी अरुंद ठेवणारा दुकानदार आपण पाहिलेला असतो. फक्त तो स्वतःला ज्ञानाचं मंदिर म्हणवत नाही.

एमआयटी वारसा पाहत नाही. जॉन्स हॉपकिन्सने पाहणं सोडलं, २०२१ मध्ये अ‍ॅमहर्स्टनेही. तिथलं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेतली अनेक कॉलेजं वापरतात त्या सामायिक अर्जात वडिलांचा जन्म कुठे झाला हे आता महत्त्वाचं नाही. आई-वडील कोणत्या कॉलेजात शिकले, तो रकाना मात्र आहे.